पोथ्यांचा पत्ता शोधणारे डॉ. भांडारकर

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात गालिब यांचा दीवान आहे असे समजा. तो तुम्हांला हवा आहे. ग्रंथालयाच्या यादीत तुम्ही कोणते अक्षर पाहाल? तुम्ही म्हणाल, 'ग'. पण गालिब हे तर त्यांचे तखल्लुस, म्हणजे कवितेत वापरलेले नाव. त्यांचे खरे नाव असदुल्लाह खान. म्हणजे 'अ' पाहायचा का? काही गझलांत त्यांनी 'असद' हेही तखल्लुस वापरले आहे. आणि लोक तर त्यांना मिर्झा गालिब म्हणतात. मग 'म' पाहायचा? यादी करणाऱ्याने एक अक्षर धरले आणि तुम्ही दुसरे, तर दीवान कपाटात असूनही तुम्ही रिकाम्या हाताने परत याल.

ग्रंथालयात हरवलेले पुस्तक नेहमी चोरीलाच गेलेले असते असे नाही. पुष्कळदा ते चुकीच्या नावाखाली शांतपणे बसलेले असते.

असे होऊ नये म्हणून यादी करण्याचे नियम ठरवावे लागतात. तुम्ही जिला फेहरिस्त म्हणता, तिला मराठीत सूची म्हणतात. सूची करण्याचे काम फार जुने आहे. बगदादचे इब्न अल-नदीम यांनी इसवी सन ९८७ मध्ये अरबी ग्रंथांची एक मोठी सूची तयार केली. तिचे नावच 'अल-फिहरिस्त'. सतराव्या शतकात इस्तंबूलच्या एका विद्वानाने चौदा हजारांहून अधिक ग्रंथांची नोंद करणारा 'कश्फ अल-ज़ुनून' हा ग्रंथ लिहिला. गंमत पाहा, या सूचीकाराला काही लोक हाजी खलीफा म्हणून ओळखतात, तर काही कातिब चलबी म्हणून. सूची करणाऱ्याचे स्वतःचे नाव सूचीत कोठे लिहायचे, हाच प्रश्न! लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आंतोनियो पानिझ्झी या इटालियन ग्रंथपालाच्या पुढाकाराने सूचीचे ९१ नियम तयार झाले. ते १८४१ साली छापले गेले. एकाच लेखकाची सारी पुस्तके वाचकाला एका ठिकाणी सापडावीत, म्हणून केवढी ही खटपट!

छापील पुस्तकांना हे नियम बऱ्यापैकी लागू पडत. छापील पुस्तकाला पहिले पान असते. त्यावर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, छापल्याचे गाव आणि साल असते. पण आपल्या देशातील बहुतेक जुनी विद्या हाताने लिहिलेल्या पोथ्यांत होती. पोथीला असे पहिले पान नसते. मग तिची नोंद करायची कशी? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोडवला, ते पुण्याचे थोर पंडित म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी कोकणात मालवण येथे झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव पत्की. एका पूर्वजाने सरकारी भांडारात, म्हणजे खजिन्यात, काम केले म्हणून घराण्याला भांडारकर हे नाव पडले असे सांगतात. वडील महसूल खात्यात कारकून होते. पगार बेताचा. मालवणात इंग्रजी शिक्षणाची सोय नव्हती. सुदैवाने १८४७ च्या सुमारास वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला तेथील इंग्रजी शाळेत जाता आले. पुढे १८५३ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. तेथे दादाभाई नौरोजी त्यांना गणित शिकवत. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रामकृष्णपंत होते. त्याच तुकडीत महादेव गोविंद रानडे हेही होते.

तुम्हांला वाटेल, एवढा मोठा संस्कृत पंडित लहानपणापासून संस्कृतच शिकला असेल. तसे नाही. त्यांचा आवडता विषय गणित होता. संस्कृतचा खरा अभ्यास त्यांनी तरुणपणी केला. पुण्याच्या शास्त्रीमंडळींपुढे बसून त्यांनी व्याकरण आणि न्याय हे विषय शिकून घेतले. जुन्या पद्धतीने पाठ केलेली विद्या आणि नव्या पद्धतीने पुरावा तपासण्याची सवय, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगी आल्या. काही काळ ते सिंधमधील हैदराबाद येथे आणि नंतर रत्नागिरीला मुख्याध्यापक होते. मुलांना संस्कृत सोपे जावे म्हणून त्यांनी दोन पाठ्यपुस्तके लिहिली. त्यांवर पुढच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या.

मग ते एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. काम ते करत होते, पण कायमची जागा त्यांना मिळाली नाही. १८७३ मध्ये ती जागा इंग्लंडहून आलेल्या पीटर पीटरसन यांना देण्यात आली. भांडारकर वयाने आणि अभ्यासाने मोठे होते. तरी त्यांना दुय्यम जागेवर राहावे लागले. त्या काळी हिंदी माणसाच्या वाट्याला असे पुष्कळदा येई. भांडारकरांनी आदळआपट केली नाही. ते लिहीत राहिले. जुने शिलालेख, ताम्रपट, नाणी यांवरचे त्यांचे लेख युरोपातील पंडित वाचू लागले. व्याकरणकार पतंजली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेला, हे त्यांनी पतंजलीच्याच ग्रंथातील उदाहरणांवरून दाखवले आणि त्यावरून मोठमोठ्या जर्मन विद्वानांशी वाद केला. १८८२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे ते १८९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत होते.

आता पोथ्यांकडे वळू.

मुंबई सरकारने १८६६ पासून पोथ्या गोळा करण्याचे काम सुरू केले होते. १८६८ मध्ये हिंदुस्थान सरकारनेही सगळ्या देशासाठी तशी योजना आखली. मुंबई इलाख्यात आधी ब्यूलर आणि कीलहॉर्न या दोन जर्मन पंडितांनी हे काम केले. ब्यूलर तर १८७५ मध्ये काश्मीरपर्यंत गेले. तेथून त्यांनी भूर्जपत्रावर, म्हणजे भूर्ज झाडाच्या सालीवर, लिहिलेल्या पोथ्या आणल्या. त्या दोघांनंतर हे काम भांडारकरांकडे आणि पीटरसन यांच्याकडे आले. होय, तेच पीटरसन. ज्यांच्यामुळे जागा गेली त्यांच्याबरोबर एकच काम करायचे होते, आणि भांडारकरांनी ते केले.

या कामाची घाई का होती? पोथ्या झपाट्याने नाहीशा होत होत्या. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा मिळे. ब्राह्मण, जैन यती, वैद्य, ज्योतिषी यांच्या घरी पोथ्यांचे गठ्ठे असत. काळ बदलला. मुले इंग्रजी शिकून नोकऱ्यांना गेली. घरातील म्हातारे शास्त्री वारले की त्यांच्या पोथ्यांना वाली उरत नसे. कोणी त्या रद्दीच्या भावाने विकी, कोणी नदीत सोडी. माळ्यावरच्या पोथ्यांना वाळवी आणि पावसाचे पाणी लागे. एखाद्या ग्रंथाची जगातील शेवटची प्रत अशी गेली, तर तो ग्रंथ कायमचा गेला. तो पुन्हा कोण लिहिणार?

पण पोथी मिळवणे सोपे नव्हते. मालकाला भीती वाटे की सरकार पोथ्या घेऊन जाईल. काहींना वाटे की परक्याच्या हाती पोथी देणे पाप आहे. १८८३ च्या अखेरीस भांडारकर गुजरातमध्ये पाटण येथे गेले. पाटण हे गुजरातच्या राजांच्या राजधानीचे जुने शहर. तेथे जैनांची मोठी ग्रंथभांडारे होती. ताडपत्रावर लिहिलेल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या तेथे पेट्यांत बांधून ठेवल्या होत्या. भांडार उघडायचे तर पंचांची संमती लागे. पंच नाही म्हणाले की दार बंद. अशा ठिकाणी अधिकाराचा हुकूम चालत नाही. माणसाचा विश्वास मिळवावा लागतो. भांडारकर स्वतः पंडित होते. पोथी हातात घेतली की ती कशाची आहे हे त्यांना कळे आणि ती कशी जपायची हेही ठाऊक असे. त्यामुळे काही दारे त्यांच्यासाठी उघडली. जी पोथी विकत मिळे ती ते सरकारी संग्रहासाठी घेत. जी मिळत नसे तिची निदान यादीत नोंद करत. नोंद झाली की पोथी आहे एवढे तरी जगाला कळे.

नोंद कशी करायची? साधारणपणे एका कागदावर रकाने आखलेले असत. ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, पाने किती, एका पानावर ओळी किती, पोथी केव्हा लिहिली, आणि शेवटी शेरा. दिसायला सोपे. पण एकेक रकाना भरताना काय अडचणी येतात ते पाहा.

पहिला रकाना ग्रंथाच्या नावाचा. नाव बहुधा पोथीच्या शेवटी सापडते. शेवटच्या त्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. उर्दू-फारसी हस्तलिखितांत त्यालाच तरकीमा म्हणतात. पण शेवटचे पानच गळाले असेल तर? बांधलेल्या गठ्ठ्यात पहिले आणि शेवटचे पान आधी खराब होते. मग सगळा ग्रंथ वाचून नाव ओळखावे लागते. शिवाय एकाच ग्रंथाला दोन-दोन नावे असतात. आपली ज्ञानेश्वरी घ्या. तिलाच भावार्थदीपिका असेही म्हणतात. एका यादीवाल्याने 'ज्ञ' खाली लिहिले आणि दुसऱ्याने 'भ' खाली, तर ज्याला मराठी येत नाही असा वाचक हे दोन ग्रंथ आहेत असे समजेल. कधी एकाच गठ्ठ्यात तीन वेगळे ग्रंथ बांधलेले असतात. यादीत पहिल्याचे नाव येते आणि मागचे दोन अंधारात राहतात.

दुसरा रकाना कर्त्याच्या नावाचा. आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्यात काही शतकांचे अंतर आहे. भास्कर नावाचेही दोन झाले. कालिदासाच्या नावावर तर कितीतरी ग्रंथ आहेत आणि ते सगळे एकाच कालिदासाचे असणे शक्य नाही. इंग्रजांच्या नियमात आडनाव आधी लिहायचे असते. पण जुन्या संस्कृत लेखकाला आडनाव नव्हतेच. तुमच्या ओळखीचे अरबी नाव घ्या. त्यात माणसाचे नाव असते, बापाचे नाव असते, मुलाच्या नावावरून पडलेली कुनियत असते आणि गावावरून पडलेली निस्बतही असते. त्यातले आडनाव कोणते? युरोपात तयार झालेला नियम येथे आणून लावला की असा अडखळतो. यात नियमाचा दोष नाही. तो ज्या नावांसाठी केला, ती नावे वेगळी होती.

तिसरी मोठी अडचण काळाची. पुष्पिकेत पुष्कळदा साल अंकांत न लिहिता शब्दांत लिहितात. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच. आता 'नेत्र, वेद, बाण, चंद्र' असे लिहिले असेल तर अंक होतात २, ४, ५, १. पण ते उजवीकडून डावीकडे वाचायचे! म्हणजे साल आले १५४२. तुम्ही उर्दू उजवीकडूनच वाचता, तेव्हा तुम्हांला याचे फार नवल वाटणार नाही. आणि अबजदच्या हिशेबाने अक्षरांत लपवलेले साल काढण्याची रीत तर तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना माहीत असेल. बरे, १५४२ आले. पण हे साल शकाचे की विक्रम संवताचे? शकाचे असेल तर इसवी सन १६२० येते. संवताचे असेल तर १४८५. एका शब्दावरून पोथीचे वय एकशे पस्तीस वर्षांनी बदलते. आणखी एक मेख असते. नक्कल करणारा लेखनिक कधी कधी जुन्या पोथीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवून घेतो. मग नव्या कागदावर जुने साल दिसते.

पानांचा आणि ओळींचा रकाना का, असे तुम्ही विचाराल. त्यावरून ग्रंथ पुरा आहे की अर्धा हे कळते. बत्तीस अक्षरे म्हणजे एक 'ग्रंथ' असे माप जुन्या काळी धरत. लिहिणाऱ्याची मजुरीही याच मापाने ठरे. पोथीच्या शेवटी मापाचा आकडा असेल तर अक्षरे मोजून किती पाने हरवली याचा अंदाज बांधता येतो. गणिताची आवड असलेल्या भांडारकरांना हा हिशेब जड गेला नसणार, असे मला वाटते.

भांडारकरांनी केवळ रकाने भरले नाहीत. १८८२ ते १८९१ या वर्षांतील शोधाचे त्यांनी मोठे अहवाल लिहिले. ते छापले गेले. महत्त्वाच्या पोथीचा आरंभीचा आणि शेवटचा मजकूर ते अहवालात देत. कर्ता कोण, तो केव्हा झाला, त्याने कोणाकोणाचा उल्लेख केला आहे, याची चर्चा करत. याचा उपयोग असा की, रकान्यात चूक झाली असली तरी दूर जर्मनीत बसलेला वाचक तो मजकूर पाहून चूक ओळखू शके. आपली चूक दुसऱ्याला सापडावी अशी सोय करून ठेवणे, ही मोठ्या मनाची गोष्ट आहे. थिओडोर ऑफ्रेश्त या जर्मन पंडिताने ठिकठिकाणच्या अशा याद्या एकत्र करून संस्कृत ग्रंथांची आणि ग्रंथकारांची एक प्रचंड सूची तयार केली. तिचा पहिला भाग १८९१ मध्ये लायपझिग येथे निघाला. पुण्याच्या याद्या त्याच्या कामी आल्या. अर्थात मूळ यादीत जी चूक असेल, ती मोठ्या सूचीतही उतरे.

पुण्याच्या संग्रहाला एक दोष होता आणि तो शेवटपर्यंत राहिला. ज्या वर्षी पोथी मिळाली त्या वर्षाच्या यादीत तिला क्रमांक मिळे. काम सरकारी होते आणि अहवाल वर्षावर्षाने जात, तेव्हा ही पद्धत सोयीची होती. परंतु वाचकाला वर्ष कोठे माहीत असते? त्याला विषय माहीत असतो. वैद्यकाची एक पोथी १८७९-८० च्या यादीत, दुसरी १८८३-८४ च्या यादीत, तिसरी आणखी कोठे. पेशवाई गेल्यानंतर १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली होती. तिच्या पोथ्या विश्रामबाग संग्रह या नावाने निराळ्याच राहिल्या. भांडारकरांचे चिरंजीव श्रीधर भांडारकर यांनी १८८८ मध्ये डेक्कन कॉलेजातील या सगळ्या संग्रहांची एकत्र सूची छापली आणि तिला अकारविल्हे नावे जोडली. त्यामुळे वाचकाला पुष्कळ सोय झाली. तरी त्या सूचीत एका पोथीला एकच ओळ होती. पोथीत आहे काय, हे एका ओळीत किती सांगणार?

या सगळ्याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. १८९१ चे साल पाहा. त्या वर्षी लहान मुलींच्या संमतिवयाबद्दल सरकार कायदा करत होते. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. शास्त्रात असेच सांगितले आहे, असे कायद्याचे विरोधक म्हणत. भांडारकर पोथ्यांमधून मुरलेले. त्यांनी जुन्यात जुने ग्रंथ आणि नंतरचे ग्रंथ काळाप्रमाणे मांडून दाखवले, की प्राचीन काळी मुलींचे विवाह मोठेपणी होत आणि बालविवाहाची चाल मागाहून आली. कोणता ग्रंथ आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवता आले म्हणून हे म्हणता आले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. समाजाने पुष्कळ त्रास दिला. घरातल्या माणसांना तो सोसावा लागला. ते मागे हटले नाहीत. प्रार्थनासमाजाचे तर ते आधारस्तंभच होते.

बाहेरच्या जगाने त्यांचा मान केला. १८८५ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. १८८६ मध्ये ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. १८९३ पासून दोन वर्षे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १८८४ चे. ते आजही अभ्यासक वाचतात.

भांडारकरांची ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ही संस्था स्थापन केली. तिच्या इमारतीसाठी टाटा बंधूंनी देणगी दिली. भांडारकरांनी आपला स्वतःचा ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. १९१८ मध्ये सरकारने डेक्कन कॉलेजातील पोथ्या संस्थेच्या स्वाधीन केल्या. त्या सतरा हजारांहून अधिक होत्या. म्हातारपणी भांडारकरांनी आपल्या हाताने गोळा केलेल्या पोथ्या आपल्याच नावाच्या घरी आलेल्या पाहिल्या. पुढे हैदराबादचे निझाम मीर उस्मान अली खान यांनी संस्थेच्या महाभारताच्या कामाला आणि अतिथिगृहाला मदत केली. ते अतिथिगृह निझाम गेस्ट हाऊस या नावाने ओळखले जाते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यात डॉ. भांडारकरांचे निधन झाले.

काम मात्र चालू राहिले. पोथीचे सविस्तर वर्णन देणाऱ्या सूचीचा पहिला भाग १९१६ मध्येच निघाला होता. त्यानंतर विषयवार एकेक भाग येत गेला. व्याकरणाचा वेगळा, काव्याचा वेगळा, जैन ग्रंथांचा वेगळा. यात पोथीचा कागद कसा, अक्षर कसे, लेखनिक कोण, गाव कोणते, हेही लिहू लागले. जुन्या एका ओळीच्या यादीत या गोष्टींना जागा नव्हती. संस्थेचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनी १९१९ पासून १९६१ पर्यंत या पोथ्या सांभाळल्या. अशा बारीकसारीक नोंदींतून त्यांनी कागद, तंबाखू, मेंदी यांचा इतिहास शोधून काढला. जिलबीचासुद्धा! इसवी सन १४५० च्या सुमारास लिहिलेल्या एका जैन कथेत त्यांना जिलबीचे नाव सापडले. हा शब्द अरबी 'ज़लाबिया'वरून आला आहे. जैन कथेच्या सूचीत जिलबी कोण शोधणार? विषयाच्या रकान्यात ती कधीच आली नसती.

बाहेर नियमही बदलत गेले. मद्रासचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३४ मध्ये सूचीकरणाची स्वतःची नियमावली छापली आणि भारतीय नावांचा विचार तीत मुद्दाम केला. १९६१ मध्ये पॅरिसला जगभरच्या ग्रंथपालांची परिषद भरली. लेखक ज्या देशाचा, त्या देशाच्या रीतीप्रमाणे त्याचे नाव लिहावे, असे तेथे ठरले. गालिब यांना 'ग' खाली शोधण्याचा तुमचा हक्क असा जगाने मान्य केला म्हणा ना! आता याद्या संगणकावर आल्या आहेत. एकाच लेखकाची सगळी नावे एकमेकांना जोडून ठेवता येतात. तरीही काही अडचणी सुटलेल्या नाहीत. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय ही चार वेगळी अक्षरे. नागरीत लिहिताना चौघांचा एकच 'ज' होतो. त्या 'ज'वरून मूळ अक्षर कोणते हे यंत्राने कसे ओळखावे?

आज संस्थेत अठ्ठावीस हजारांहून अधिक पोथ्या आहेत. त्यांपैकी ऋग्वेदाच्या तीस पोथ्यांची नोंद २००७ मध्ये युनेस्कोने जगाच्या ठेव्यात केली. त्यांतली सर्वांत जुनी १४६४ मधली आहे आणि एक काश्मिरी भूर्जपत्रावरची आहे. पुण्यातील एका रस्त्याला आता भांडारकर रस्ता म्हणतात. तुम्ही मोठे होऊन कधी तेथे अभ्यासाला गेलात आणि भांडारकरांनी मिळवलेली एखादी पोथी पाहायला मागितली, तर तिचा क्रमांक लिहावा लागेल. आकडा, तिरपी रेघ आणि पुढे १८८३-८४. ज्या वर्षी ते पाटणला गेले होते, ते वर्ष.